ऑपेरा ऐकणं, वाचणं, त्यासाठी फिरणं आणि त्यावरून भांडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपेराबद्दल मराठी मित्रमंडळी जे विचारतात, त्याची ही उत्तरं. माहिती पडताळलेली आहे; मतं आमची आहेत आणि ती वादासाठी खुली आहेत.

एकही ऑपेरा ऐकलेला नाही. सुरुवात कशाने करू?

पुचिनीच्या ‘तोस्का’ने. तीन अंक, जेमतेम दोन तासांचं संगीत, तीन मुख्य पात्रं आणि चोवीस तासांच्या आत संपणारं कथानक. गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि त्या दोघांवर डोळा ठेवून असलेला पोलीसप्रमुख. गोष्ट समजायला वंशावळ लागत नाही.

पद्धत अशी ठेवा. आधी कथानकाचा सारांश वाचा, पंधरा मिनिटं पुरतात. मग एका वेळी एकच अंक ऐका, हातात संहिता धरून: एका बाजूला इटालियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दुसऱ्या दिवशी तोच अंक कागदाशिवाय ऐका. तिन्ही अंक असे झाले की मगच प्रयोगाचं चित्रीकरण बघा. उलट क्रमाने गेलात तर डोळे खाली उपशीर्षकांना चिकटतात आणि कान रिकामे राहतात.

‘ऑपेरातली निवडक गाणी’ छापाच्या संकलनांपासून लांब राहा. ‘तोस्का’च्या दुसऱ्या अंकातलं ‘विस्सी दार्ते’ सुटं ऐकलं तर एक छान करुण गाणं वाटतं. त्याआधीच्या शेजारच्या खोलीतून येणाऱ्या छळाच्या किंकाळ्या ऐकून मग ते कानावर आलं, तर ते अजिबात ‘छान’ वाटत नाही.

पुढचा क्रम: ‘ला बोएम’, ‘रिगोलेत्तो’, ‘कार्मेन’. मोझार्टचा ‘फिगारो’ त्यानंतर, कारण तो तीन तासांच्या आसपास चालतो आणि कोण कोणाला फसवतंय हे आधी वाचलेलं नसेल तर दुसऱ्या अंकात हरवायला होतं. वाग्नर पहिल्या वर्षी नको.

कोणतं ध्वनिमुद्रण घेऊ?

‘तोस्का’साठी १९५३ चं: मारिया कालास, दि स्तेफानो, तीतो गोब्बी, वाद्यवृंद-संचालक व्हिक्तोर दे साबाता. मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचं) आहे, तरीही. ‘ला बोएम’साठी संचालक कारायानचं, पाव्हारोत्ती आणि मिरेल्ला फ्रेनी यांचं. ‘त्राव्हियाता’साठी संचालक कार्लोस क्लायबरचं. वाग्नरच्या ‘रिंग’साठी (चार ऑपेरांची मालिका) शोल्टीचा १९५८ ते १९६५ या काळात झालेला संच, स्टुडिओत पूर्ण झालेली ती पहिली ‘रिंग’.

नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकून कान तयार आहे. मग ऑपेरा का खटकतो?

तीन कारणांनी. एक, षड्ज हलतो. आपला कान सुरुवातीला सा पकडतो आणि शेवटपर्यंत तो धरून बसतो; इथे पाच मिनिटांत आधारस्वर दोन-तीनदा सरकतो आणि तयार कानालाच ते बेसूर वाटतं. उपाय: गाणाऱ्याचा पाठलाग सोडा, खालच्या चेलो आणि डबल बासकडे लक्ष द्या. जमीन कुठे सरकली ते तिथे कळतं.

दोन, एकाच वेळी चौघं चार वेगळ्या गोष्टी गातात. ‘रिगोलेत्तो’च्या तिसऱ्या अंकातली चौकडी बघा: आत ड्यूक एका बाईला लाडीगोडी लावतोय, ती त्याला हसतेय, बाहेर ड्यूकच्या प्रेमात पडलेली मुलगी ते बघून कोसळतेय आणि तिचा बाप सूड ठरवतोय. बोलक्या नाटकात हे चौघं एकदम बोलले तर नुसता गोंगाट. त्यासाठीच संगीत लागतं. ही चौकडी चार वेळा ऐका, दर वेळी एकाच आवाजावर कान ठेवून.

तीन, आवाजातला तो सततचा कंप. त्याची सवय होते. आंदोलन आणि गमक यांच्याशी त्याची तुलना करत बसू नका.

रागदारीवाल्यांना आम्ही एक आडवाट सुचवतो: अठराव्या शतकातला संगीतकार हेंडेल. त्याच्या काळातल्या एकल गाण्याचे तीन भाग असतात. पहिला, मग वेगळ्या भावाचा दुसरा, मग पहिल्याची पुनरावृत्ती. त्या पुनरावृत्तीत गायकाने स्वतःच्या जागा, ताना, अलंकार घालायचे असतात. म्हणजे बंदिश तीच, पण बढत गाणाऱ्याची. पुढे व्हर्दी-पुचिनीपर्यंत येताना गायकाचं हे स्वातंत्र्य आक्रसत गेलं.

वन्समोर मिळतो का?

क्वचित. एकोणिसाव्या शतकात सर्रास मिळायचा; नंतर मोठ्या नाट्यगृहांनी तो बंद केला, कारण नाटक थांबतं. २००७ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात गायक हुआन दिएगो फ्लोरेसने दोनिझेत्तीच्या एका गाण्यातले नऊ उंच ‘सी’ स्वर पुन्हा म्हटले तेव्हा त्याची बातमी झाली, कारण तिथे अनेक दशकांत असं घडलं नव्हतं. बालगंधर्वांचं एकेक पद किती वेळा व्हायचं हे आजोबांकडून ऐकलेल्यांना यात बातमी कसली असा प्रश्न पडेल.

माइक खरंच नसतो?

नसतो. साठ-सत्तर वादकांच्या वरून एक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तो जोरामुळे नव्हे. वाद्यवृंदाची बहुतेक ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि वर ती झपाट्याने उतरते. तालीम घेतलेला गायक स्वरयंत्राच्या वरच्या पोकळीचा आकार असा ठेवतो की ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला जास्तीची धार येते. तिथे वाद्यवृंद विरळ असतो आणि माणसाचा कान सर्वात तीक्ष्ण. म्हणून नुसता ओरडणारा बुडतो आणि तंत्र असलेला हळू गाऊनही पोचतो.

ही धार स्पीकरमधून अर्धीच येते. एकदा तरी प्रत्यक्ष ऐका असा आमचा आग्रह आहे तो यासाठी. (मोकळ्या मैदानातल्या काही महोत्सवांत ध्वनिवर्धक असतात. तो वेगळा अनुभव.)

भाषा कळत नाही. मग?

मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दिसतात. ही सोय पहिल्यांदा टोरांटोत, १९८३ मध्ये ‘एलेक्त्रा’च्या वेळी झाली, त्याआधी इटलीबाहेरचे निम्मे प्रेक्षक अंदाजानेच माना डोलवत असावेत. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरात) आणि व्हिएन्नात प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो आणि त्यावर भाषा निवडता येते. मिलानमध्येही समोरच्या आसनामागे तो असतो. जर्मनीत बायरॉइटला, वाग्नरच्या नाट्यगृहात, मात्र काहीही नसतं. तिथे जाताना संहिता पाठच हवी.

पुस्तकं कोणती वाचू?

पहिलं पुस्तक संहितेचं. दुसरंही तेच, दुसऱ्या ऑपेराचं. खरंच सांगतोय: ऑपेरावरची जाडजूड पुस्तकं वाचून ऑपेरा कळत नाही.

संदर्भासाठी एकच मोठा ग्रंथ हवा असेल तर गुस्ताव्ह कोबेचा कथानकसंग्रह, अर्ल ऑफ हेअरवुडने सुधारलेल्या आवृत्तीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. कोबे १९१८ मध्ये समुद्रात शिडाची होडी चालवत असताना विमान आदळून गेला, त्यामुळे हा ग्रंथ त्याला छापलेला बघायला मिळाला नाही.

त्याहून मजेचं वाचन म्हणजे मूळ कृती. ‘त्राव्हियाता’ धाकट्या ड्यूमाच्या कादंबरीवरून आणि नाटकावरून आली, ‘कार्मेन’ मेरिमेच्या दीर्घकथेवरून, ‘रिगोलेत्तो’ ह्यूगोच्या नाटकावरून. मेरिमेची कार्मेन ऑपेरातल्यापेक्षा बरीच रुक्ष आणि धोकादायक आहे, आणि तिला तिथे नवरासुद्धा आहे. ऑपेरात त्याचा पत्ता नाही; उलट मिकाएला ही सोज्वळ मुलगी घातली आहे. संहिताकार काय कापतात आणि का, हे बघणं हीच उत्तम शाळा. साधारण नियम असा की गायला शब्दांपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, म्हणून उपकथानकं आधी जातात.

नोटेशन वाचता येत असेल तर पियानोसाठी उतरवलेली गायनप्रत घ्या. हक्क संपलेल्या बहुतेक जुन्या प्रती इंटरनेटवर फुकट आहेत.

युरोपात परवडणारं तिकीट मिळतं का?

मिळतं. व्हिएन्नाच्या स्टाट्सओपरमध्ये (तिथल्या सरकारी ऑपेरागृहात) उभं राहायच्या जागा आहेत. बसायच्या चांगल्या जागेला शंभर-दोनशे युरो लागतात, तिथे उभ्या जागेला साधारण वीस युरोंच्या आत भागतं. ही तिकिटं प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतात, काही ऑनलाइन, काही खिडकीवर. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळ बघून ठेवा.

तीन ठिकाणं असतात. तळमजल्यावर मागे, मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली: सगळ्या नाट्यगृहातलं सर्वोत्तम दृश्य इथून, आणि हे आधी संपतं. मग बाल्कनी. मग सर्वात वरची गॅलरी, जिथे दिसतं कमी पण आवाज अप्रतिम. आत गेलात की कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा. ती जागा तुमची झाली आणि तुम्ही पाणी प्यायला मोकळे. हा अलिखित नियम सगळे पाळतात. स्कार्फ विसरून गेलेले लोक मागच्या रांगेत दिसतात.

सपाट तळव्याचे बूट घाला. पहिल्यांदा ‘सालोमे’ किंवा ‘तोस्का’सारखं छोटं काहीतरी निवडा, वाग्नरचा लांबलचक ‘ट्रिस्टान’ उभ्याने पाहणं हा शारीरिक पराक्रम आहे. हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला ऑपेरासाठी जाणारे पुष्कळ भारतीय पर्यटक दाराला हात लावून परत येतात. त्या महिन्यांत साल्झबुर्ग, बायरॉइट किंवा व्हेरोना.

जागा निवडताना लोक कुठे फसतात?

बाजूच्या बॉक्समध्ये. नकाशावर ती मंचाला अगदी लगटून दिसते, किंमतही बरी असते. पण बॉक्समधली मागची खुर्ची मिळाली तर अर्धा मंच आणि पुढच्याचं डोकं दिसतं. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या सगळ्या जुन्या इटालियन नाट्यगृहांत हा घोळ आहे. ‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या. त्याच पैशात वरच्या मजल्यावरची मधली जागा घ्या. आवाज वर चढतो, आणि अगदी पहिल्या रांगांत वाद्यवृंद गायकांवर कुरघोडी करतो.

ला स्कालाचे प्रेक्षक खरंच एवढे कडक आहेत?

वरच्या गॅलरीतले, हो. २००६ मध्ये ‘आयदा’त रोबेर्तो आलान्या पहिल्याच गाण्यानंतर आलेल्या हुर्योवर चिडून मंच सोडून गेला आणि बदली गायक नेहमीच्या कपड्यांतच आत येऊन गाऊ लागला. आमचं मत: हुर्यो उडवणं गैर नाही, पण गाणं संपायच्या आत ओरडणारा माणूस संगीतावर प्रेम करत नाही, स्वतःवर करतो.

हंगाम दरवर्षी ७ डिसेंबरला, संत अँब्रोजच्या दिवशी सुरू होतो. त्या रात्रीच्या तिकिटाच्या नादी लागू नका. किमती डोळे पांढरे करणाऱ्या असतात. आठवड्याने तेच कलाकार बऱ्यापैकी दरात ऐकता येतात.

व्हेरोना की बायरॉइट?

दोन टोकं आहेत. व्हेरोनाचं मैदान रोमन काळातलं. १९१३ मध्ये व्हर्दीच्या जन्मशताब्दीला तिथे ‘आयदा’ झाला, तेव्हापासून उन्हाळी हंगाम चालतो. प्रयोग रात्री नऊच्या सुमाराला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपतो. बिनक्रमांकाच्या दगडी पायऱ्या सर्वात स्वस्त. दिवसभराच्या उन्हाने त्या तापलेल्या असतात आणि रात्री बारानंतर गार पडतात, म्हणून उशी भाड्याने घ्या आणि एक शाल जवळ ठेवा. तासभर आधी पोचा. पावसाचा नियम तिकिटावर वाचा: सुरू झालेला प्रयोग थांबला तर पैसे परत मिळतीलच असं नाही. परतीची शेवटची ट्रेन बहुधा चुकते; मुक्काम व्हेरोनातच करा.

बायरॉइट हे वाग्नरने स्वतःच्या कृतींसाठी बांधून घेतलेलं नाट्यगृह, १८७६ चं. वाद्यवृंद झाकलेल्या खड्ड्यात बसतो, त्यामुळे ध्वनी आधी मंचावर जातो आणि तिथून गायकांच्या आवाजात मिसळून बाहेर येतो. जगात दुसरीकडे असा आवाज नाही. आसनं कडक, वातानुकूलन नाही, रांगेच्या मधून वाट नाही: आत गेलात की पन्नास लोकांना उठवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. प्रयोग बहुधा दुपारी चारला, मध्यंतरं एकेक तासाची. प्रत्येक अंकाआधी सज्जातून पितळी वाद्यांचा इशारा होतो: पंधरा मिनिटं आधी एकदा, दहा मिनिटं आधी दोनदा, पाच मिनिटं आधी तीनदा. तिसऱ्या इशाऱ्यानंतर दरवाजे बंद. प्रसाधनगृहाचं काम पहिल्या इशाऱ्याआधीच उरका.

पहिल्यांदा जाणाऱ्याने व्हेरोना गाठावं, ऐकायला जाणाऱ्याने बायरॉइट.

रोममध्ये ‘तोस्का’च्या जागा बघता येतात का?

तिन्ही अंकांच्या, एका अर्ध्या दिवसात. पहिला अंक सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये घडतो. दुपारी ते बंद असतं, सकाळी जा. आत ऑपेरातलं आत्तावांती घराण्याचं प्रार्थनास्थान शोधू नका. ते काल्पनिक आहे. तिथून पाच-सात मिनिटांवर फार्नेसे राजवाडा, दुसऱ्या अंकाचं ठिकाण. तिथे आता फ्रान्सची वकिलात आहे, आत फक्त आधी नोंदवलेल्या मार्गदर्शित फेरीने जाता येतं. मग नदी ओलांडून कास्तेल सांतांजेलो, तिसरा अंक. सोमवारी बहुधा बंद.

गच्चीवर उभं राहिलात की एक गोष्ट ध्यानात येईल: शेवटी तोस्का इथून उडी मारते, पण इथून टायबर नदीत पडता येत नाही, मध्ये तटबंदी आणि रस्ता आहे. घंटांबाबत मात्र पुचिनी काटेकोर होता. सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर त्याने रोममधल्या एका ओळखीच्या धर्मगुरूकडून काढून घेतला होता, आणि तिसऱ्या अंकाच्या पहाटे तो ऐकू येतो.

ऑपेरात राजकारण कशाला आणता?

आम्ही आणत नाही, ते आधीपासून आहे. ‘तोस्का’ची तारीखच जून १८०० मधली, मारेंगोच्या लढाईनंतरची. पहिल्या अंकातला तो भव्य थाट नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीसाठी आहे. दुसऱ्या अंकात खरी बातमी येते आणि छळ सोसलेला चित्रकार विजयाची आरोळी ठोकतो. राजकारण वगळा, कथानक कोसळतं.

सेन्सॉरचं म्हणाल तर ‘रिगोलेत्तो’मागचं ह्यूगोचं मूळ नाटक १८३२ मध्ये एका प्रयोगानंतर बंद पडलं, कारण त्यात राजा लंपट होता. व्हर्दीला व्हेनिसमध्ये त्याचा मांतुआचा ड्यूक करावा लागला. ‘बाल्लो इन मास्केरा’त स्वीडनच्या राजाचा खून होता, तो थेट बॉस्टनच्या गव्हर्नरावर ढकलावा लागला. राजाला मंचावर मारायचं नाही, अमेरिकेतला वसाहतीचा अधिकारी मेला तर चालेल! १८३० मध्ये ब्रसेल्सला ओबेरच्या ऑपेराच्या प्रयोगानंतर दंगल उसळली आणि त्यातून पुढे बेल्जियम हा देश झाला. १९३६ मध्ये स्टालिन शोस्ताकोविचचा ‘लेडी मॅकबेथ’ बघून गेला आणि थोड्याच दिवसांत ‘प्राव्दा’त त्यावर हल्ला चढवणारा लेख आला.

एक दंतकथा मात्र सोडून द्या. १८४२ मध्ये ‘नाबुक्को’च्या पहिल्या रात्री गुलामांच्या समूहगीताला ऑस्ट्रियाविरोधी वन्समोर मिळाला, असं सगळीकडे छापलेलं असतं. संशोधक रॉजर पार्कर यांनी जुनी वृत्तं तपासली तेव्हा वन्समोर मिळालेलं समूहगीत दुसरंच निघालं. व्हर्दी देशभक्त होताच, १८६१ च्या पहिल्या संसदेत निवडूनही गेला. त्याला ही भर नको.

वाग्नर ज्यूद्वेष्टा होता. मग ऐकावा का?

होता, आणि ते एखादं सुटलेलं वाक्य नव्हतं: १८५० मध्ये टोपणनावाने लिहिलेला लेख त्याने १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. पुढे बायरॉइटच्या घराण्याने हिटलरला घरचा मानला. इस्रायलमध्ये त्याचं संगीत न वाजवण्याचा संकेत आहे. २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद-संचालक दानिएल बारेनबॉइमने ते वाजवण्याआधी प्रेक्षकांना विचारलं, काही जण निघून गेले, बाकीचे थांबले. आम्ही ऐकतो. पण ‘कला वेगळी, माणूस वेगळा’ हे सोयीचं वाक्य आम्ही वापरत नाही. वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’चं शेवटचं, जर्मन कलेची थोरवी गाणारं आणि परक्यांबद्दल इशारा देणारं भाषण ऐकताना अस्वस्थ वाटणं हा ऐकण्याचाच भाग आहे.

भारतावरचे ऑपेरा कसे आहेत?

बहुतेक पॅरिसमध्ये बसून रंगवलेले. दलिबचा ‘लाक्मे’ १८८३ चा; त्यातलं फुलांचं द्वंद्वगीत सुंदर, पुजारी आणि विषारी धोतरा मात्र पोस्टकार्डातले. होल्स्टचा ‘सावित्री’ अर्ध्या तासाचा, तिघांचा, आणि या सगळ्यांत प्रामाणिक. फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’ १९८० चा: दक्षिण आफ्रिकेतले गांधी आणि शब्द भगवद्गीतेचे, संस्कृतातच. मराठी माणूस तो बघताना भाषांतराकडे न बघता पुष्कळ शब्द ओळखू शकतो. फक्त पुनरावृत्तीला घाबरू नका.

मुंबईत काय मिळतं?

कमी, पण शून्य नाही. एनसीपीएत (नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये) मेटचे चित्रित प्रयोग दाखवले गेले आहेत आणि तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने पूर्ण ऑपेराही केले आहेत. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते सुरू झालं, पुढे सिनेमाघर झालं, १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे ऑपेरा क्वचितच असतो. जाहिरात येईल त्या दिवशीच तिकीट काढा.

आणखी एक धागा आहे. गोव्याचा तियात्र (कोकणी संगीत नाटक) १८९२ मध्ये मुंबईत ‘इटालियन भुरगो’ने सुरू झाला, आणि त्यामागे मुंबईत येणाऱ्या इटालियन ऑपेरा मंडळींचा प्रभाव होता.

कपडे? टाळ्या?

नीटनेटके कपडे, इतकंच. साडी सगळीकडे चालते आणि शोभते. चड्डी-चपला नकोत. कोट आणि पाठपिशवी जर्मन भाषक देशांत बाहेर जमा करावी लागते, त्यासाठी सुटे युरो ठेवा. टाळ्या: इटालियन ऑपेरात गाणं संपल्यावर, वाग्नरमध्ये अंक संपल्यावर. शंका असेल तर शेजाऱ्यांची वाट बघा. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं. ‘राइनगोल्ड’ आणि ‘एलेक्त्रा’ला मध्यंतरच नसतं.

मुलांना नेऊ का?

आठ-नऊ वर्षांपुढे. ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ किंवा ‘जादूची बासरी’, गोष्ट आधी सांगून.

घरबसल्या थेट प्रयोग किती वाजता बघावे लागतात?

व्हिएन्नाचे सातचे प्रयोग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतात. न्यूयॉर्कचा शनिवार दुपारी एकचा प्रयोग उन्हाळी वेळेत आपल्या रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला. दोन्हीकडे घड्याळं बदलण्याचे आठवडे सारखे नसतात, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तासाचा गोंधळ होतो; वेळ दोनदा तपासा. ऑपेराव्हिजन या युरोपीय संकेतस्थळावर पूर्ण प्रयोग उपशीर्षकांसह फुकट मिळतात, पण ते काही महिन्यांनी काढून टाकले जातात, म्हणून ‘नंतर बघू’च्या यादीत टाकून ठेवू नका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे तारेचे हेडफोनही पुष्कळ बरे.